जुलैची पानं

माझ्या वहीत जुलै महिन्याची पानं सगळ्यात जाड झाली आहेत. जाड म्हणजे खरोखरच जाड. मूळ पान भरलं की मी त्याच्या खालच्या कडेला एक कागद चिकटवते, तो भरला की त्याला दुसरा, आणि मग ते सगळं घड्या घालून आत ढकलावं लागतं. वही ३६६ पानांची आहे, तारखेला एक पान. फेब्रुवारी बिचारा सडपातळ. २९ फेब्रुवारीला तर मोरारजी देसाईंचा जन्म (१८९६) आणि त्याखाली बरीचशी पांढरी जागा. जुलैत मात्र माणसं, गावं, आकडे एकमेकांच्या अंगावर पडलेले.

ही वही मी रेडिओसाठी सुरू केली. बारा वर्षं मी एका केंद्रावर हंगामी निवेदक होते. महिन्याला सहा ड्यूट्या, ड्यूटीमागे ठरलेलं मानधन. सकाळची सभा असली की पहाटे पावणेपाचला घर सोडायचं, क्यूशीट ताब्यात घ्यायची, मग ती संकेतधून, वंदे मातरम्, भक्तिगीतं, शेतकऱ्यांसाठी हवामान आणि त्यानंतर कुठेतरी दोन मिनिटांचं ‘दिनविशेष’. ते निवेदकानेच लिहून आणायचं. दोन मिनिटं म्हणजे सव्वादोनशे शब्द, तेही घाई न करता वाचायचे. मला पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ निवेदकांनी सांगितलं होतं, “हे बघा, माणसं चहा पीत असतात. पुण्यतिथ्या आधी उरकायच्या, शेवट जयंतीवर करायचा.” सल्ला चांगला होता आणि मी तो कायम पाळला. मेलेली माणसं आधी आणि जन्मलेली नंतर, अशा उलट्या क्रमाने मी बारा वर्षं सकाळी सकाळी इतिहास सांगितला.

१ ऑगस्टला हे फार सोपं जायचं. १९२० सालच्या त्या दिवशी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्माला आले. एवढं आयतं पान वर्षात दुसरं नाही. पण बहुतेक पानं अशी नसतात. चंद्रावर माणूस उतरला ती तारीख आपण २० जुलै १९६९ म्हणून सांगतो. ती अमेरिकेची तारीख. आपल्याकडे तेव्हा २१ जुलै उजाडून पावणेदोन तास झाले होते आणि आर्मस्ट्राँगने पाऊल टाकलं तेव्हा इथे सकाळचे साडेआठ वाजत आले होते. मी एकदा हे लिहून नेलं, तर ड्यूटीवरचे अधिकारी हसले आणि म्हणाले, “मग २० ला काय सांगणार?” म्हणजे तारखेला घटना लागते. मोकळी तारीख कुणाला आवडत नाही.

दिनविशेषाचा मुळातला स्वभावच हा आहे. तो घटनेला घराचा पत्ता देतो. आपल्याकडे तर दोन दोन पत्ते, एक तारखेचा आणि एक तिथीचा. शिवजयंती १९ फेब्रुवारीला आणि पुन्हा फाल्गुन वद्य तृतीयेला, यावर मराठी माणसाने किती शाई आणि किती घसा खर्च केलाय ते सांगायला नको. ‘गीतरामायण’ पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ला सुरू झालं, पण ती तारीख एप्रिलची पहिली म्हणून निवडलेली नव्हती. त्या दिवशी रामनवमी होती. मग त्याचा वाढदिवस कधी धरायचा? आम्ही तारखेने धरायचो. वही तारखेची होती ना.

ड्यूट्या संपल्या २०१६ मध्ये, वही चालू राहिली. आता ती कुणाला वाचून दाखवायची नसते, त्यामुळे नियम सैल झाले. त्या दिवशीच्या बातम्यांतलं काही, रेडिओवर किंवा टीव्हीवर ऐकलेलं काही आणि त्या तारखेचं जुनं काही, असं मिळून रोज पाच-सात ओळी. दुसऱ्या वर्षी तेच पान उघडलं की गेल्या वर्षीचे शब्द समोर येतात. आणि याच पद्धतीमुळे जुलै फुगत गेला.

बघा ना. १२ जुलै, पानशेत, १९६१. बुधवार होता, अमावास्या होती. आधी पानशेतचं धरण फुटलं, मग त्या पाण्याने खडकवासला. पुण्यात आमच्या आधीच्या पिढीला कुठलाही काळ सांगताना ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतच्या नंतर’ असं म्हणायची सवय होती. लग्नं, बदल्या, वाडे सोडणं, सगळं त्या दोन खणांत. शहराला ते शोभायचं, कारण पानशेत शहरावर आलं होतं. शहराकडे वर्तमानपत्रं होती, भिंतींवर पुराच्या रेषा होत्या, आठवणी लिहिणारी माणसं होती. त्यामुळे त्या पानावर मला कधीच कागद चिकटवावा लागला नाही. लिहिलेलं सगळीकडे होतंच.

२६ जुलैला तीन गोष्टी आहेत. १९०२ साली याच तारखेला शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम काढला. १९९९ पासून तो कारगिल विजय दिवस आहे. आणि २००५ पासून तो नुसताच ‘२६ जुलै’ आहे. ज्याला वर्षही लावावं लागत नाही अशी तारीख. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. मुंबईकर त्या रात्री कुठे अडकला होता, कुणाच्या घरी झोपला, किती तास चालला, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण त्याच पावसात रायगडच्या महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि जवळजवळ दोनशे माणसं गेली. त्या चार गावांची नावं एका दमात सांगणारा माणूस मला रायगडाबाहेर भेटलेला नाही. मीही दरवर्षी पानावरून वाचते म्हणून मला येतात. मुंबईने तारीख घेतली आणि महाडच्या वाट्याला तारखेतली एक ओळ आली. हा मुंबईचा दोष नव्हे. मोठं शहर रडायला लागलं की शेजारच्या खोलीतलं हुंदके ऐकू येत नाहीत, एवढंच.

मग २२ जुलै २०२१, तळिये. पुन्हा महाड तालुका. महाड शहर पुरात होतं म्हणून मदत वेळेवर पोचेना. मग १९ जुलै २०२३ची रात्र, इर्शाळवाडी, खालापूर तालुका. इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकर वस्ती. वर जायला गाडीरस्ता नाही, त्यामुळे यंत्रं नेता येईनात, जवान पावसात चिखलातून चढून गेले आणि हातांनी उकरत राहिले. चढताना अग्निशमन दलातला एक माणूसही गेला. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. ती अजून तिथेच आहेत. विधिमंडळात सांगितलं गेलं की इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ते वाक्य मी जसंच्या तसं उतरवून घेतलंय. यादीत नसलेली वाडी. पहिल्यांदा ऐकताना ते स्पष्टीकरण वाटतं, तिसऱ्यांदा वाचताना तसं वाटत नाही.

आणि ३० जुलै. हेन्री फोर्डचा जन्म (१८६३), पहिल्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, उरुग्वे विजयी (१९३०). त्याखाली २०१४ पासून निळ्या शाईत एक शब्द: माळीण.

तो बुधवार होता. आंबेगाव तालुका, डिंभे धरणाच्या वरचा भाग, भीमाशंकरच्या वाटेवरचे डोंगर. सकाळी डोंगराचा कडा सुटला आणि गाव मातीखाली गेलं. ही बातमी बाहेर कशी आली ते विसरण्यासारखं नाही. मुक्कामी गावांना जाणाऱ्या एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसेना. त्याने कळवलं. गाव नाहीसं झाल्याची वर्दी देणारा माणूस गावाबाहेरचा होता, कारण आतलं कुणी कळवायला उरलं नव्हतं. दुपारनंतर एका बाळाचं रडणं ऐकू आलं म्हणून तीन महिन्यांचं ते बाळ आणि त्याची आई जिवंत निघाली. बाकी आठवडाभर मृतदेह. आकडा १५१.

का झालं यावर तेव्हा खूप बोललं गेलं. पाऊस तर होताच. उतार तीव्र, खडक झिजून त्याची माती झालेली. डोंगरउतारावर भातखाचरं करायची तिथली जुनी पद्धत म्हणजे पडकई. ती हातांनी व्हायची तेव्हा ठीक होतं, पण योजनेत जेसीबी चढले आणि उतार कापले गेले, असं काहींनी दाखवून दिलं. काहींनी ते साफ नाकारलं. त्या वादात मी पडत नाही. पडावं एवढं मला त्यातलं कळत नाही. मला कळतं ते उच्चारांचं. २०१५ च्या ३० जुलैला योगायोगाने माझी सकाळची ड्यूटी होती आणि मी दिनविशेषात माळीणवर चार वाक्यं वाचली. पुण्यतिथ्या आधी उरकायच्या या नियमाप्रमाणे फोर्डच्याही आधी.

आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताई तेव्हा नव्यानेच लागल्या होत्या. त्या दिवशी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या आणि कणीक मळता मळता म्हणाल्या, “काकू, काल तुम्हीच बोललात ना रेडिओत? गाडीत लावलेला होता.” मी हो म्हटलं. “तुम्ही गावाचं नाव नीट घेतलं. टीव्हीत मालीन मालीन करतात.” मग थोड्या वेळाने, पाठ माझ्याकडे असतानाच, “माझी नणंद दिलेली तिथं.”

त्यांचं माहेर धरणाच्या अलीकडे, सासर घोडेगावच्या बाजूचं. नणंद, नंदावा, त्यांची दोन मुलं. एक मुलगा शिकायला बाहेर होता, तो उरला. तेव्हापासून ३० जुलैला ताईंची सुट्टी ठरलेली. त्या दिवशी पोळ्या मी लाटते आणि त्या कशा होतात हे घरात कुणी बोलत नाही. ताई जाऊन येतात. तिथे आता स्मृतिस्तंभ आहे, गेलेल्यांच्या नावाने लावलेली झाडं आहेत. “नणंदेचं झाड लई वाढलंय,” त्या एका वर्षी म्हणाल्या, “पोरांची बारकी हायेत अजून.”

जवळच आमडे इथे नवं गाव वसवलं, २०१७ च्या एप्रिलमध्ये त्याचं लोकार्पण झालं. त्याआधी अडीच वर्षं लोक पत्र्याच्या शेडमध्ये होते. नव्या गावात पहिल्याच पावसात रस्ते आणि भराव खचल्याच्या बातम्या आल्या तेव्हा ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “घरं चांगली हायेत. पण रात्री पाऊस लागला की म्हातारी माणसं भिंतीला कान लावून बसतात.” हे मी पानावर लिहिलेलं नाही. ते कुठल्या तारखेला लिहायचं ते कळलं नाही.

तर २०२४ चा जुलै. त्या वर्षी माळीणला दहा वर्षं होणार होती. दहा, पंचवीस, पन्नास या आकड्यांना दिनविशेषाच्या जगात वजन असतं. नऊ वर्षांना कुणी विचारत नाही. म्हणून मी महिनाभर आधीपासून कात्रणं काढून ठेवली होती, एका अंकासाठी काही लिहावं असं मनात होतं. महिना मात्र स्वतःच्याच गतीने चालला होता. २३ जुलै हा खरं तर आमचा, रेडिओवाल्यांचा दिवस. १९२७ साली त्या दिवशी मुंबई केंद्र सुरू झालं म्हणून तो राष्ट्रीय प्रसारण दिवस. पण त्या दिवशी अर्थसंकल्प होता, प्रसारणाची आठवण प्रसारणालाच कुठे राहणार? (आदल्या वर्षी, २०२३ च्या जूनमध्ये, पुण्याच्या सकाळी ७.१० च्या बातम्यांचा विभागच बंद करण्याचा आदेश निघाला होता. ओरडा झाला आणि तो स्थगित झाला. ७.१० ला घड्याळ लावणारी माणसं या शहरात अजून आहेत, हे तेव्हा दिल्लीला कळलं असावं.) २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे घरांत पाणी शिरलं. टीव्हीवर माणसं एकच गोष्ट सांगत होती: आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही. पानशेतचं पान तेरा दिवसांपूर्वीच उघडून मिटलं होतं.

३० जुलैला सकाळी मी पोळ्यांची तयारी करत होते आणि मोबाइलवर बातम्या लावल्या होत्या. वायनाड. मध्यरात्रीनंतर मेप्पाडीजवळ डोंगर खचला, पहाटे पुन्हा खचला. मी आधी तारीख पाहिली. मग कात्रणांच्या फायलीकडे पाहिलं. बरोबर दहा वर्षं, त्याच तारखेला, त्याच सह्याद्रीच्या खालच्या टोकाला. अशा वेळी अंगावर काटा येतो खरा, पण मला त्या काट्यावर फारसा विश्वास नाही. वर्षात ३६५ तारखा आहेत आणि पश्चिम घाटात पाऊस त्यांतल्या मोजक्याच दिवसांत कोसळतो. जुलैअखेर माती पाणी पिऊन फुगलेली असते. त्याच दहाबारा तारखांत सगळं घडत राहिलं तर त्याला योगायोग म्हणायचं की वेळापत्रक?

दुपारी टीव्ही लावला. पडद्याच्या वरच्या भागात चिखल, खालच्या पट्टीत मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांचं पॅरिसमधलं कांस्यपदक. आकडा तासातासाला चढत होता. चालियार नदीतून मृतदेह वाहत खाली मलप्पुरम जिल्ह्यात सापडत होते, काही किलोमीटर नव्हे, फार लांबवर. मी दीड तास पाहिलं, त्यात माळीणचं नाव दोनदा आलं. दोन्ही वेळा ‘मालीन’.

संध्याकाळी मी खालच्या मजल्यावरच्या मलयाळी शेजारणीकडे गेले. ती एका शाळेत शिकवते, माहेर कोळिकोडचं. गावांची नावं मला नीट लिहून हवी होती. मराठीत त्या एका दिवसात चुरलमाला, चूरामला, मुंडकाई, मुंडक्काई असं काहीही छापून येत होतं. तिने सावकाश म्हणून दाखवलं: मुंडक्कै. चूरल्‌मला. ‘चूरल्’ म्हणजे वेत, ‘मला’ म्हणजे डोंगर. वेताचा डोंगर. आपल्याकडे असतं तर वेतोबाचा माळ वगैरे काहीतरी झालं असतं. आणि दरड कोसळण्याला त्यांचा शब्द आहे ‘उरुळ्‌पोट्टल्’. पोट्टल् म्हणजे फुटणं. आपली दरड कोसळते, त्यांची फुटते. ती म्हणाली, “२०१९ ला पुत्तुमलालाही फुटली होती. तिथून किती जवळ. तेव्हा आम्ही म्हटलं आता तरी…” आणि तिने वाक्य मराठीतही पूर्ण केलं नाही, मलयाळममध्येही नाही.

३१ जुलैला सकाळी ताई आल्या. दरवर्षी त्या माळीणहून येताना पिशवीत थोडा तांदूळ आणतात, तिकडच्या खाचरातला. या वेळी पिशवी नव्हती. “गाडीतच सगळ्यांनी मोबाइलवर पाह्यलं,” त्या म्हणाल्या. “तिथं उभं राहून तेच, आणि मोबाइलमधी तेच. माती तशीच लाल. भाचा म्हणाला, मामी बंद कर.” भाचा म्हणजे तो उरलेला. मी विचारलं, तिथे काही कार्यक्रम झाला का, दहा वर्षं म्हणून. पुढारी आले होते, फुलं वाहिली, बोलले. “चांगलं बोलले. पण त्यांचापण अर्धा जीव केरळातच होता.” मग म्हणाल्या, “त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं का हो?”

त्याच दिवशी संसदेत हाच प्रश्न होता. केंद्राचं म्हणणं, आम्ही २३ तारखेपासून इशारे दिले होते. केरळचं म्हणणं, तसा इशारा नव्हताच, जो होता तो एवढ्या पावसाचा नव्हता आणि लाल रंगाचा तर दरड कोसळून गेल्यावर आला. रंगांवर वाद चालला होता. पिवळा, नारिंगी, लाल. मी रेडिओवर मच्छीमारांना दिले जाणारे इशारे वाचलेत: समुद्र खवळलेला राहील, ताशी अमुक वेगाने वारे वाहतील, खोल समुद्रात जाऊ नये. त्यात रंग नसायचा, क्रियापद असायचं. जाऊ नये. डोंगरातल्या माणसाला काय सांगणार? घरी राहू नये? मग कुठे राहावं? इशारा ज्याला निघून जायला जागा आहे त्याच्यासाठी असतो.

आणि ३१ जुलैलाच आणखी एक कागद निघाला. पश्चिम घाटातला ५६,८२५ चौरस किलोमीटरचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवण्याची केंद्राची मसुदा अधिसूचना. सहावी. पहिली २०१४ च्या मार्चमध्ये निघाली होती, माळीणच्या चार महिने आधी. तिच्याही आधी २०११ मध्ये माधव गाडगीळ समितीचा अहवाल आला, तो कडक वाटला म्हणून कस्तुरीरंगन समिती बसली, तिने क्षेत्र कमी केलं, आणि ते कमी केलेलं क्षेत्रही सहा मसुद्यांत पक्कं झालं नाही. कोकणात गाडगीळ समितीला किती शिव्या बसल्या ते मी बातम्यांतून वाचलेलं आहे. त्यातल्या निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं की अहवालातला मुख्य आग्रह होता तो निर्णय ग्रामसभांनी घ्यावेत हा. मला चीड येते ती मसुद्यांच्या संख्येची. विरोध समजू शकतो. ज्याच्या जमिनीवर रेघ पडते तो ओरडणारच. पण दहा वर्षांत होही म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, फक्त मसुदा पुन्हा छापायचा, याला काय म्हणावं? ताईंना मी हे थोडक्यात सांगितलं. त्यांनी विचारलं, “त्या नकाशात आमचं गाव हाये का?” मी म्हटलं, यादी मोठी आहे, बघून सांगते. “बघा,” त्या म्हणाल्या. “पण असलं तर काय करायचं असतं?”

१ ऑगस्टला टिळक गेले, अण्णा भाऊ जन्मले आणि पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ नंतर महाराष्ट्रातल्या खेळाडूचं वैयक्तिक पदक. त्याच दिवशी लष्कराने चूरल्‌मलाला बेली पूल पुरा केला. १९० फूट लांब, जेसीबी पलीकडे नेता येतील असा. मद्रास इंजिनीअर ग्रुपच्या तुकडीत मेजर सीता शेळके होत्या, नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातल्या. मग आपल्या वाहिन्यांना वायनाड एकदम जवळचं झालं. मी हे उपहासाने म्हणत नाही. मलाही त्यांचा पुलावरचा फोटो पाहून बरं वाटलं. पण तीन दिवस आपण त्या मातीकडे पाहत होतो आणि चौथ्या दिवशी आपल्यातलं कुणीतरी दिसलं तेव्हा आपल्याला ती माती ओळखीची वाटली. ती तर माळीणमध्येच ओळखीची झाली होती.

वहीत मी त्या वर्षी ३० जुलैच्या पानाला दोन कागद चिकटवले. हे सगळं तारखेने. तिथीचं राहिलंच होतं, आणि ते मला ऑगस्टपर्यंत सुचलंही नव्हतं. एके सकाळी ताई म्हणाल्या, “शुक्रवारी पंचमी हाये. दिंडं करायची का?” आमच्याकडे नागपंचमीला तवा ठेवत नाहीत. चिरत नाहीत, भाजत नाहीत, उकडलेलंच करतात. त्यामुळे त्या दिवशी पोळ्या नसतात आणि ताई हौसेने पुरणाची दिंडं करून देतात. मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, “त्या साली पंचमी दोन दिसांवर होती. नणंद येणार होती माहेरी. फोन आला होता, बांगड्या भरायच्या म्हणून.”

मी कॅलेंडर शोधलं. २०१४ ची नागपंचमी १ ऑगस्टला होती, शुक्रवारी. ३० जुलै म्हणजे श्रावण शुद्ध तृतीया. पंचमीला जमीन खणत नाहीत, नांगर धरत नाहीत, नागाला लागेल म्हणून. आणि त्या पंचमीला माळीणमध्ये दिवसभर पोकलेन चालत होते, माणसं फावड्यांनी, हातांनी माती उकरत होती. ताई तिथे काठावर बसून होत्या. “म्हाताऱ्या बाया मातीला हात जोडत होत्या,” त्या म्हणाल्या. “पोकलेनवाल्याला नाही. मातीला. आज खणतोय, माफ कर.” नणंद पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सापडली.

म्हणजे इतकी वर्षं मी ३० जुलैला त्यांना सुट्टी देत होते आणि त्यांचा खरा दिवस हा होता. ३० तारीख सगळ्यांची. स्तंभाची, पुढाऱ्यांची, कॅमेऱ्याची, माझ्या वहीची. पंचमी त्यांच्या एकट्यांची, आणि त्या दिवशी त्या कामावर येऊन आमच्यासाठी दिंडं उकडत होत्या. दरवर्षी ती वेगळ्या तारखेला येते, त्यामुळे माझ्या वहीत तिला पान नाही.

२०२४ ची पंचमी ९ ऑगस्टला आली. क्रांतिदिन. १९४२. शिवाय जागतिक आदिवासी दिन, घोडेगावला मिरवणूक असते, ताईंचा भाचा सकाळीच पिवळा फेटा बांधून तिकडे गेला होता. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला, उंच झालाय पोरगा. आदल्या रात्री नीरज चोप्राला रौप्य मिळालं होतं. वायनाडमध्ये शोध अजून चालू होता. मी स्वयंपाकघराच्या दारात वही घेऊन उभी होते. मी त्यांना विचारलं, तुम्ही उद्या सुट्टी घ्यायची का, किंवा दर पंचमीला? मी करीन दिंडं.

“तुम्हाला जमायची नाहीत,” त्या म्हणाल्या. “कडा फुटतात तुमच्या. आणि घरी बसून काय करू?”

त्यांनी पुरण भरून चौकोनी घडी घातली, चाळणीत ठेवली, वर झाकण. वाफ यायला वेळ होता. हात पुसून त्या माझ्या वहीकडे बघत म्हणाल्या, “आज काय काय आहे त्यात?” मी वाचून दाखवलं. गांधीजींचं ‘चले जाव’, गवालिया टँकवर अरुणा असफअलींनी फडकवलेला झेंडा, आदिवासी दिन, नीरज चोप्रा, वायनाड. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बरंच हाये की,” त्या म्हणाल्या, आणि झाकण उचलून आत पाहिलं.